पडण्याचा इतिहास

जयेशने डोळे उघडले, तर शेजारच्या खाटेवर मितेश. दोघांचाही एकेक हात प्लास्टरमध्ये. सकाळी माजिवड्याच्या पुलाखाली त्यांच्या सायकली एकमेकींत अडकल्या आणि लोकांनी दोघांना एकाच रिक्षात घालून या हॉस्पिटलात आणलं होतं.

दोघे डोंबिवलीचे, बालवाडीपासूनचे मित्र. वर्षभर मात्र बोलणं बंद. कारण चांगलं भारदस्त होतं. त्यांच्या जन्माआधी फ्रान्समधल्या कुठल्याशा शर्यतीत, शेवटच्या वळणावर, एक फ्रेंच आणि एक इंग्रज सायकलपटू धडकून पडले होते. चूक कोणाची? जयेश ठाण्यात फ्रेंचच्या क्लासला जायचा, पॅरिसची वर्तमानपत्रं वाचायचा. त्यामुळे इंग्रजच लबाड, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मितेश इंग्लंडचं चॅनल बघून शर्यतींच्या नादाला लागलेला. त्याच्या लेखी तो फ्रेंच माणूस खुनशी. मानपाड्याच्या सायकल क्लबचे यावरून दोन क्लब झाले. फ्रान्सला आणि इंग्लंडला याची कल्पना नसावी.

आता मात्र जयेशला भरून आलं. सकाळचं सगळं त्याला लख्ख आठवत होतं.

"मीच आडवा आलो रे," तो म्हणाला. "खड्डा चुकवायला गेलेलो. मागे बघितलंच नाही."

"सोड ना," मितेश म्हणाला आणि त्याने आपल्यातला अर्धा चहा जयेशच्या कपात ओतला. एका परक्या भांडणापायी वर्ष फुकट घालवलं, याचं दोघांनाही मनापासून वाईट वाटलं.

मग जयेशने मोबाइल उघडला. त्याच्या क्लबच्या ग्रुपवर अपघाताचा निकाल दुपारीच लागला होता. मितेशने म्हणे मुद्दाम मागून चाक घुसवलं. जयेशला हसू आलं. खाली क्लबातल्या अपूर्वने अपघाताचा नकाशा काढून टाकला होता. अपूर्व सकाळी पुण्यात होता, पण त्याचे लाल बाण ठळक होते. त्याखाली मितेशच्या खुनशीपणाचा सविस्तर इतिहास होता, पार बालवाडीपासूनचा. जयेशने तो वाचला. मग नकाशा मोठा करून पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना त्याचं हसू मावळलं.

"काय आलंय रे?" मितेशने विचारलं.

जयेशने चहाचा कप बाजूला सारला आणि नर्सला हाक मारली.

"सिस्टर, माझी खाट दुसरीकडे हलवा. यानेच मला पाडलंय."