हार्परबाई

आर्णीजवळच्या त्या गावात कपाशीवर फवारणी करताना एका आठवड्यात नऊ जणांना विषबाधा झाली. उपकेंद्राच्या नर्सने, दीपा मुनेश्वरने, सोमवारपासून जीपच्या तीन फेऱ्या करून सगळ्यांना यवतमाळच्या दवाखान्यात पोचवलं, आणि नववा माणूस स्वतःच्या पायाने चालेपर्यंत ती तिथून हलली नाही.

गावात परतली तर पारावरून हाक आली, "आली पाहा आपली हार्परबाई!" संध्याकाळपर्यंत सारं गाव तेच म्हणू लागलं.

दीपाचं डोकं फिरलं. तिने मोबाईलमध्ये ते नाव शोधलं आणि गावातल्या सगळ्यांत वयस्कर गिरजाआजींच्या ओट्यावर जाऊन बसली. "पाहा आजी, जगातले हार्पर. हा कॅनडाचा पंतप्रधान, हा क्रिकेटचा अंपायर, हा तर सिनेमातला गुप्तहेर, खराही नाही. यांच्यात मी काहून? माझं आडनाव मुनेश्वर आहे. कोण ही तुमची हार्परबाई?"

"मिशनची गोरी नर्स होती. मी लहान होती तवा गावात पटकी आली. सारे वावराकडे पळाले, बाई एकटी थांबली."

"म्हणून गोऱ्या बाईचं नाव पाठ, आणि माझं नाही? माझ्याआधी इथे सात नर्स झाल्या. त्यांनाही हार्परबाईच म्हणत होते?"

"नाही वं माय," आजी म्हणाल्या, "त्या साऱ्या सिस्टर. मागच्या सोमवारपर्यंत तूबी सिस्टरच होती."