नेल ओमा

"नेल ओमा," एलिशेबा म्हणाली, आणि एफ्रातने वडिलांकडे पाहिलं.

एलिजा बायकोच्या पायाला तेल चोळत बसले होते. त्यांचा हात थांबला नाही. "'आपण घरी' म्हणते," त्यांनी सांगितलं. "तुझ्या घरी. यायला तयार आहे ती."

एफ्रातच्या मनावरचं ओझं उतरलं. इस्रायलहून ती विचुंब्याला आई-वडिलांकडे आली होती ती याच उत्तरासाठी. आईला सोबत न्यायचं, पण तिच्या मनाविरुद्ध न्यायचं नाही, हे तिने निघतानाच ठरवलं होतं. माणूस कितीही आजारी असला तरी त्याला सामानासारखं उचलून नेऊ नये.

अडचण एवढीच होती, की आईचं उत्तर कळायचं कसं? पक्षाघाताने तिची मराठी गेली होती. समोरच्याचं मराठी बोलणं तिला कळत नव्हतं, आणि जिभेवरही मराठी शब्द येत नव्हता. उरली होती ती बेटाची भाषा. आणि ती साऱ्या जगात दोघांनाच येत होती, तिला आणि एलिजांना.

अलिबागजवळच्या गावात शेजारी शेजारी वाढलेल्या या दोन पोरांनी लहानपणी एक अख्खं जग रचलं होतं. त्यातले डोंगरावरचे लोक एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणून सगळं बोलणं भागवायचे. वाळवंटातले फक्त प्रश्न विचारायचे. 'पाणी दे' म्हणायचं तर 'तुझ्या घरी पाणी नाही का?' आपल्याकडच्या काही सासवा याच वाळवंटातल्या, असं एलिजा म्हणत. जंगलातल्या लोकांची मेलेल्यांशी बोलायची भाषा निराळी होती. आणि बेटावरच्या भाषेत क्रियापदच नव्हतं. हलायचं काम समुद्राचं. माणसाने नुसतं कोण आणि कुठे एवढं सांगायचं.

लग्न झाल्यावर बाकीचं जग मागे पडलं, बेट तेवढं राहिलं. पोरीला कळू नये असं काही बोलायचं झालं की ती भाषा बाहेर यायची. एफ्रातला तेव्हा तिचा भारी राग यायचा.

आता तीच भाषा शिकायला ती रोज संध्याकाळी वडिलांपुढे बसू लागली. एलिजा घराची निरवानिरव करून पेसाहच्या सणाला मागून येणार होते. तोवर मायलेकींचं एकमेकींशी निभायला हवं होतं. एलिजांनी उभा जन्म शाळेत मराठी शिकवलेली, त्यामुळे बेटाची भाषा शिकवताना मुलीच्या मराठीचे कान पिळायचंही ते सोडत नव्हते.

"बाबा, आम्ही जेवूया का आता?"

"'आम्ही' नाही, 'आपण'. मीही जेवणार आहे ना?"

एफ्रात हसली. हिब्रूत दोन्हीला एकच शब्द, आणि इतकी वर्षं तिकडे राहून तिचा हा घोळ पक्का झाला होता. "बेटावर तरी ही भानगड नाही, बरं झालं," ती म्हणाली. "सगळ्यांना मिळून एकच 'नेल'."

"एकच," एलिजा म्हणाले आणि ताटं घ्यायला उठले.

शिकवायची त्यांना घाई होती. एफ्रात दमली तरी ते पुढचा शब्द काढायचे. मधल्या दिवसांत ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणून वाशीला जाऊन आले, पण चष्मा जुनाच होता. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं. म्हातारपणी अंगावर मांस राहत नाही, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. आपला लोकरीचा स्वेटर त्यांनी खालच्या वॉचमनला, काशिरामला देऊन टाकला.

काशिराम संकोचला. "साहेब, तुमी पण जानार ना तिकडं? थंडी नाय का तिकडं?"

"मला नाही लागायची," एलिजा म्हणाले.

प्रवास सुखरूप व्हावा म्हणून निघायच्या आदल्या दिवशी घरात मलिदा झाला. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. प्रार्थना झाल्यावर एलिशेबाने ताटातलं केळं मोडलं, अर्धं लेकीला दिलं आणि अर्धं स्वतः घेतलं. "साम," ती म्हणाली.

"साम म्हणजे?" एफ्रातने विचारलं.

"गोड," एलिजांनी सांगितलं.

सकाळी गाडी आली. दाराच्या चौकटीवर मेझुझा होता, पवित्र वचनांची गुंडाळी ठेवलेली छोटी डबी. बाहेर पडताना त्याला हात लावून बोटं ओठांना टेकवायची, ही घरातली रीत. एलिशेबाने हात लावला, पण तो काढेचना. एलिजांनी तिचं एकेक बोट हळूच सोडवलं.

"नेल ओमा," ती त्यांना म्हणाली.

"हो गं," ते मराठीतच बोलले. "पेसाहला येतोच मी."

गाडी सुटली तेव्हा ते फाटकाशी काशिरामजवळ उभे होते. हात हलवत होते. एफ्रातला भरून आलं, पण आई सोबत आहे आणि आपल्या खुशीने आली आहे, याचं तिला समाधान होतं.

गाडी हायवेला लागली. एलिशेबा पुन्हा तेच म्हणाली. एफ्रातने तिचा हात हातात घेतला आणि शिकल्याप्रमाणे उत्तर दिलं. "नेल ओमा, आई. नेल ओमा."

एलिशेबाने जोरजोरात मान हलवली. नाही. तिने एफ्रातच्या छातीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या. "साम," ती म्हणाली.

एफ्रातने तिच्या हातांकडे पाहिलं. हातात गोड काहीच नव्हतं.

मग एलिशेबाने पुन्हा स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, आणि तोच हात मागच्या काचेकडे केला, विचुंब्याकडे, फाटकाशी राहिलेल्या माणसाकडे. "नेल," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नेल ओमा."

एफ्रातच्या ओठांवर वडिलांचंच वाक्य आलं, पण उलटं होऊन.

"'आपण' नाही," ती म्हणाली. "'आम्ही'."