पाचवा पक्ष

"तुम्ही जेवून घ्या, मी आलोच." वडिलांचा, अण्णांचा, दारातला हा आवाज तिच्या कानात अजून तसाच होता. अण्णा दरवेळी निवडून आले. जेवायला मात्र क्वचितच आले.

आता ती रेकॉर्डिंगच्या खोलीत उभी होती. भिंतींना जाड रजया टांगलेल्या. पंखा बंद, कारण त्याची घरघर माईक लगेच टिपतो. निवडणूक लागली की सगळ्या पक्षांच्या प्रचारगाड्यांवर तिचाच आवाज फिरे. कुणासाठी खर्जातला, कुणासाठी मधात बुडवलेला, कुणासाठी चिडलेला. सकाळपासून चार पक्ष झाले होते. पाचवा धाकट्या भावाचा. नवा सदरा घालून तो काचेपलीकडे बसला होता.

"आपल्या हक्काच्या माणसाला प्रचंड मतांनी..." ती थांबली. "पुन्हा घेऊ."

पुन्हा तेच. 'विजयी करा' आलं की पायरी चुकावी तसा आवाज खाली जाई.

"ताई, सकाळपासून चौघांना निवडून दिलंत," रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "आणि सख्ख्या भावाच्या वेळीच घसा बसला?"

ती पाणी प्यायली. या खेपेला वाक्य पुरं झालं. त्यानं ते ऐकलं आणि मशीन बंद केलं. "हे गाडीवर लावलं तर लोक मतं द्यायला नाही, सांत्वनाला येतील."

भाऊ आत आला. दार ओढून घेतलं.

"मला भरसभेत शिव्या देणारा तो. त्याला 'जनतेचा लाडका' म्हणालीस. खणखणीत. बाहेर बसून ऐकलं मी."

"ते काम आहे रे माझं."

"मग माझं कोण करणार? मी लायक नाही, असं वाटतं तुला?"

"तसं नाही."

"मग कसं? अर्ज भरला तेव्हाही गप्पच होतीस."

तिनं कानावरचे हेडफोन उतरवले. माईक बाजूला सारला. भावाच्या सदऱ्याची कॉलर एका बाजूला दुमडली होती, ती नीट केली. मग आजवर कुठल्याच पक्षाला न दिलेल्या आवाजात म्हणाली,

"तू पडावंस, असं वाटतं मला. सगळ्या प्रभागाला पुरशील एवढा तू नाहीस रे. आम्हालाच कसाबसा पुरतोस."