दुहेरी गाळणी

"तुमची गाळणी काढा," मॅडम म्हणाल्या.

"आधी तुमची काढा," साहेब म्हणाले.

सकाळपासून हेच चाललं होतं. दोन कंपन्या, जन्माच्या वैरी, पण नव्या पिढीचं नेटवर्क एकट्यानं उभं करणं कुणालाच झेपेना, म्हणून एका टेबलाशी येऊन बसलेल्या. टॉवर वाटून झाले, केबल वाटून झाली. घोडं पेंड खात होतं ते गाळणीपाशी. गाळणी म्हणजे फोनवरच्या आवाजातला कचरा काढून टाकणारी यंत्रणा. पंखा, रस्ता, भांडी, श्वास, सगळा कचरा. फोन धरलेल्या माणसाचे शब्द तेवढे पलीकडे जाणार. दोन्ही कंपन्यांनी आपापली लावून ठेवलेली, आणि आधी माघार घेईल तो लहान ठरेल ना! शेवटी चहा आल्यावर तोड निघाली, की राहू द्या दोन्ही. दोनदा गाळलेलं, दुप्पट स्वच्छ. आता सह्या तेवढ्या व्हायच्या होत्या.

साहेबांच्या शेजारचे इंजिनियर आतापर्यंत गप्प होते. घरात ते धाकटे, आणि निवृत्तीला टेकले तरी धाकटेच. ते म्हणाले, "सह्यांआधी एक फोन लावून बघू या."

"कुणाला?"

"आमच्या थोरल्या भावाला. दोन्ही गाळण्या लावून आपली पहिली चाचणी जिथे चालू आहे, तिथेच राहतात ते."

कारण चाचणीचं, पण धाकट्यांचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. थोरले मुलखाचे अबोल. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, "जेवलास का" एवढं विचारायचे, आणि मग दोघंही मुके. पण काय होती ती जुनी लाइन! खरखर अशी, की कुणी कानाशी जाडं मीठ चाळतंय. मध्येच कुणा तिसऱ्याचं भांडण घुसायचं आणि दोघे भाऊ ते चवीनं ऐकायचे. त्यामागे थोरल्यांचं वर्तमानपत्र, थोरल्यांच्या सपाता, वहिनींच्या हाकेला दिलेला "आलो आलो" आणि मग न जाणं. बोलायला काडीचा विषय नसायचा आणि तास निघून जायचा.  पण हल्ली थोरले दोन वाक्यांत फोन ठेवत होते, आणि गेल्या आठवड्यापासून तर तोही येईना. भाऊ आपल्यावर रुसला, असं धाकटे धरून चालले होते. आज गाळणीचं भांडण ऐकता ऐकता त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

फोन स्पीकरवर लावला.

"बोल," थोरले म्हणाले.

"काही नाही. सहज."

"बरं."

मग शांतता. समोरच्या लॅपटॉपच्या पडद्यावरची आवाजाची रेघ आडवी झाली. "बघा," मॅडम ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "पलीकडे कुणी आहे असं वाटतसुद्धा नाही." त्यांचा चेहरा खुलला होता.

"ठेवलास?" थोरल्यांनी विचारलं.

"नाही, आहे."

"बरं."

पुन्हा तेच. रेघ आडवी. पुन्हा, "ठेवलास?"

या वेळी धाकट्यांना बोलवेना.  थोरल्यांना फोन बंद करायचं बटण लवकर सापडत नसे, ते शोधत असावेत.

"ठेवला गं त्यानं," थोरले घरात कुणाला तरी म्हणाले. वहिनी काय म्हणाल्या ते गाळणीनं येऊ दिलं नाही. "नाही गं, राग कसला? कामाचा माणूस तो. माझ्याजवळ नुसतं बसायला त्याला आता वेळ कुठाय? पूर्वी बसायचा."

साहेब हातातल्या पेनाकडे बघत राहिले. मॅडमनी सकाळपासून एक मुद्दा सोडला नव्हता. त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि आपल्या लोकांना न विचारता आपली गाळणी बंद केली. साहेबांनी धाकट्यांकडे बघून मान डोलावली. धाकट्यांनी आपली काढली.

रेघ थरथरली. पंखा घरघरला. कुठेतरी कपात चमचा फिरला, लांब एक दार लागलं, आणि जवळच, अगदी कानाशी, म्हातारा श्वास ऐकू आला. धाकट्यांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी ती पुसली नाही, फक्त जरा मागे रेलून बसले.

"आहेस होय रे?" थोरले म्हणाले. "खुर्ची कुरकुरली तुझी."

"आहे."

"बरं."

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. बैठकीची वेळ संपली, बाहेर गाड्या येऊन थांबल्या, तरी त्या खोलीतून एकही माणूस उठला नाही.