निर्माता : उल्हास इंगोले

'निर्माता' या रकान्यात विनयाने तिसऱ्यांदा 'उल्हास इंगोले' असं टाइप केलं आणि पोर्टलने तिसऱ्यांदा ते नाव परत केलं. संशोधक नोंदणी क्रमांक नसलेला माणूस निर्माता होऊ शकत नाही, असं लाल अक्षरांत आलं.

लखनऊतल्या चिनहटच्या त्या खासगी औषध संस्थेत ती दोन वर्षांच्या करारावर होती. काम एकच. जुन्या संशोधनाच्या चारशे बारा फायली डेटा पोर्टलवर चढवायच्या आणि प्रत्येकीची माहिती भरायची: काय मोजलं, कधी, कशाने, कोणी. अनुदान देणाऱ्यांनी ३१ मार्च २०१५ ही शेवटची तारीख दिली होती. विनयाचा करारही त्याच दिवशी संपणार होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. अर्ज केलेल्या नऊ जागांपैकी एकीनेही उत्तर दिलं नव्हतं.

फायली मधुमेहावरच्या एका औषधाच्या होत्या. २००८ ते २०१०, एकशे वीस उंदीर, त्यांचं वजन आणि रक्तातली साखर. नोंदी ठेवणारे एकटे उल्हासकाका. अमरावतीचे, तीस वर्षांपासून लखनऊत, संस्थेत तंत्रसहायक. त्यांच्या वह्या उघडल्या की विनयाला भरून यायचं. दोन वर्षांत एक खाडाखोड नाही. होळीची नोंद आहे, दिवाळीची आहे, जानेवारीच्या धुक्यात शहर बंद होतं त्या दिवसांचीही आहे.

आणि या आकड्यांवर निघालेल्या अकराही निबंधांवर नाव फक्त संचालक डॉ. हर्षवर्धन यांचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. संस्थेत श्रेय देवळातल्या प्रसादासारखं वाटलं जाई. पुढे बसलेल्यांना मूठभर आणि दाराशी उभ्या असलेल्यांना रिकामं ताट.

"काका, तुमचा नोंदणी क्रमांक काढू या," ती म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

"छोड ना विनया. माझं नाव नको."

"का नको?"

"अगं, काम साहेबांचं. मी आपला लिहिणारा."

"तुम्ही लिहिलं नसतं तर साहेबांनी छापलं काय असतं?"

"हाँ, ते आहेच," काका म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

रविवारी ती जानकीपुरमला त्यांच्या घरी जेवायला गेली. लताकाकूंनी पोळी वाढता वाढता विषय काढला. "एकतीसला हे रिटायर होतायत. इतकी वर्षं केलं, कुठे तरी नाव असावं गं यांचं. नातवाला दाखवायला तरी."

"लता, तो विषय बंद," काका म्हणाले.

त्यांचा आवाज इतका चढलेला विनयाने कधी ऐकला नव्हता. साधी माणसं अशीच असतात, तिला वाटलं. हक्काचं मागायचीही त्यांना लाज वाटते. तिचा स्वतःचा जीव या दोन वर्षांत विटून गेला होता. निदान एवढी एक गोष्ट तरी सरळ व्हावी, असं तिला फार वाटलं. जाताना तिने काकूंकडून काकांची कागदपत्रं गुपचूप मागून घेतली.

क्रमांक निघाला. आता साहेबांची मंजुरी हवी होती. पहिल्यांदा ते म्हणाले, "टेक्निकल स्टाफ का नाम नहीं जाता." दुसऱ्यांदा त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. सत्तावीस तारखेला ती तिसऱ्यांदा गेली. साहेब कसलं तरी पत्र वाचत होते. वाचून होईपर्यंत ती उभीच राहिली.

"ठीक है," ते म्हणाले. "सबमें इंगोलेजी का नाम डालिए. मेरा हटा दीजिए."

"सर, दोनों नाम..."

"नहीं. मेहनत उनकी है."

भांडायची तयारी करून आलेली विनया तशीच बाहेर पडली. माणूस इतकाही वाईट नसतो, असं तिने त्या दिवशी मनात कबूल केलं. मग चार दिवस ती खुर्चीवरून हलली नाही. पोर्टल मध्येच बंद पडे, भरलेलं पुसलं जाई आणि ती पुन्हा पहिल्यापासून भरे. एकतीस तारखेला दुपारी साडेतीनला चारशे बारावी फाइल प्रसिद्ध झाली.

चार वाजता काकांचा निरोप समारंभ होता. समोसे, चहा आणि सगळ्यांनी मिळून घेतलेला चिकनकारीचा कुर्ता. साहेब कामाचं निमित्त सांगून आलेच नाहीत. भाषणं आटोपल्यावर विनया काकांना आपल्या टेबलाशी घेऊन आली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. एकाखाली एक चारशे बारा ओळी. प्रत्येक ओळीत त्यांचं नाव.

काका बराच वेळ वाचत राहिले.

"हे खोडता येतं?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. एकदा प्रसिद्ध झालं की कोणालाच नाही. साहेबांनासुद्धा नाही."

काका खुर्ची ओढून बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. विनयाचेही आले. मागची दोन वर्षं फुकट गेली नाहीत, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"आणखी एक सांगायचंय," ती म्हणाली. "हैदराबादच्या एका विद्यापीठाचे लोक पुढच्या आठवड्यात येतायत. सत्तावीसलाच त्यांचं पत्र आलंय. त्यांना वह्या, पिंजरे, उंदरांच्या खरेदीचे कागद, सगळं पाहायचंय. साहेबांनी कळवून टाकलंय त्यांना, की हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्या इंगोलेंचं आहे."

काकांनी डोळे पुसले नाहीत.

"पिंजरे आले होते गं विनया," ते म्हणाले. "उंदीर कधी आलेच नाहीत."