फौजदाराचे नवे बूट

खांडेनवमीची पूजा आटोपते न आटोपते तोच फौजदाराची फटफटी वना मिस्तरीच्या दारात येऊन थांबली. पाटावर पान्हे आणि हातोड्या हळदकुंकू लावून मांडलेल्या होत्या. वनाची बायको धुरपदा नैवेद्याचं ताट घेऊन तिथेच उभी राहिली.

"बूट नवे आहेत, जाड," फौजदार उतरत म्हणाला. "गिअरखाली पंजा जात नाही आणि ब्रेकला पाय अडतो. गिअर वर घे, ब्रेक खाली. लवकर!"

"आज खांडेनवमी शे साहेब. आज हत्यारले हात लावतस नहीं," वना म्हणाला.

"माझं पिस्तूलही सकाळीच पुजलंय. ते काय घरी ठेवून आलोय? टेलिफोनच्या तारा तोडणारा तो छगन पारोळ्यात आहे. तासाभरात पोचलो नाही तर पाखरू उडालंच म्हणून समज."

धुरपदाने ताट खाली ठेवलं. छगन तिचा पाठचा भाऊ. धुळ्याला नव्यानेच बदलून आलेल्या फौजदाराला ते ठाऊक नव्हतं, एवढीच काय ती देवाची मेहेरबानी.

पाटावरचा पान्हा तिनेच उचलून नवऱ्याच्या हाती दिला, आणि देताना क्षणभर सोडला नाही. बारा वर्षांचा संसार. वनाला वेगळं सांगावं लागलं नाही.

त्याने गिअरचा दांडा बोटभर वर घेतला, ब्रेकचं पायडल खाली केलं, फौजदाराचा बूट पुन्हापुन्हा ठेवून पाहिला. शेवटी ब्रेकच्या सळईचा नट आवळल्यासारखं केलं आणि हळूच दोन आटे उलटा फिरवला. पाचसहा मैलांच्या धक्क्यांनी तो गळून पडणार, आणि पुढे नाल्याचा उतार. धुरपदाने सगळं पाहिलं. पाप की पुण्य हे तिला ठरवायचंच नव्हतं. तिला भाऊ हवा होता.

फौजदाराने अंगणात एक फेरी मारली. ब्रेक अजून झकास लागत होता. "वा मिस्तरी! चल, बस मागे. वाटेत काही बिघडलं तर तू हाताशी हवास."

वनाचं तोंड उतरलं. नट ढिला आहे म्हणावं, तर तो ढिला कसा राहिला तेही सांगावं लागणार. तो मागे बसला. बायकोकडे त्याने पाहिलंही नाही.

इकडे आड, तिकडे विहीर. धुरपदाला रडूही फुटेना. फौजदाराने किक मारली.

"थांबा साहेब!" ती धावली आणि पान्हा नवऱ्यापुढे धरला. "घाईमा ब्रेकना नट आवळाना राही गया वाटस. एकडाव देखी ल्या."

वना उतरला. त्याने नट करकचून आवळला.

फौजदार मनापासून हसला. "मिस्तरी, तुझ्यापेक्षा तुझी बायको हुशार! बाई, आज माझा जीव वाचवलास. पारोळ्याचं काम फत्ते होऊ दे, तुला माझ्याकडून लुगडं. मला भाऊच समज."