तीन तासांची मांडी

पट्टा सापडला, पण त्याचं बक्कल काही सापडेना.

धम्मशीला गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून दहा मिनिटं नुसती चाचपत होती. दाराशी अंगणात तिच्या चौदा महिन्यांच्या अश्वजितची खुर्ची ठेवलेली होती. महिनाभर याच खुर्चीत बसून त्यानं ओसरीवर वरणभात खाल्ला होता. आता हीच खुर्ची आधी गाडीत आणि मग विमानात बांधायची होती. मेहकरपासून समृद्धी महामार्गानं नागपूर तीन तास, आणि विमान तीनचं.

"बाबा, मांगं बक्कलच नाही का या गाडीले?"

"असन तं," स्टीअरिंग धरून बसलेले किसनराव म्हणाले. "पण मांगच्या सीटवर पट्टा बांधते कोन व? म्या तं कधी पाह्यलं नाही."

अश्वजितला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या आजी, पंचफुलाबाई, गप्प होत्या. पंचफुलाबाई आणि गप्प! गावात कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं. पण त्याला कारण होतं. बक्कल कुठं आहे हे साऱ्या जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

चार दिवस खपून त्यांनी मागच्या सीटवर गोधडी शिवली होती. जुन्या लुगड्यांचे पाच थर, गाडीत बसून, जागच्या जागी, दाभणानं घट्ट टाके घालून. नातवाला नागपूरपर्यंत कसं मऊ मऊ वाटलं पाहिजे! मधेच ती टणक बक्कलं वर येत होती. पोराला टोचतील म्हणून त्यांनी ती खाली दाबली आणि वरून शिवून टाकली. तेव्हा मनात कपट नव्हतं. आता मात्र आलं होतं.

कारण आजचे हे तीन तास त्यांनी महिनाभर मनात जपून ठेवले होते. नागपूर येईपर्यंत हा गोळा आपल्या मांडीवर झोपणार. मग तो आयर्लंडला, आणि आपल्याला दोन वर्षं नुसता मोबाइलमध्ये दिसणार. बक्कल नाही तर खुर्ची नाही, आणि खुर्ची नाही तर मांडी. सरळ गोष्ट होती.

"राहू दे व माय," त्या हळूच म्हणाल्या. "मी घेतो न मांडीवर. तुले नाही का आनलं दवाखान्यातून जीपमंदी, मांडीवरच? काही झालं का तुले?"

धम्मशीला बाहेर आली. चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला पंचफुलाबाई दोन शब्दांत गार करत. पण ती चिडली नव्हती.

"माय, तुह्या मांडीवर माहा पूरा भरवसा हाय. पण गाडीले जोरात ब्रेक लागला का कोनाचेच हात पुरत नाहीत. तशी लेकरं मी माह्या वॉर्डात पाह्यतो." तिनं अश्वजितचं नाक पुसलं. "खुर्ची बसली नाही तं आपन निघत नाही. मेहकरहून दुसरी गाडी बोलावतो."

"अन् विमान गेलं तं?" किसनरावांनी मान वळवली. "सोमवारी ड्यूटी हाय न तुही?"

"हाय. पण गेलं तं गेलं."

विमान गेलं तर लेकरू आणखी चार दिवस इथंच! पंचफुलाबाईंच्या मनात हेही चमकून गेलं. नुसतं गप्प राहायचं होतं, बस्स.

त्यांनी लेकीकडं पाहिलं. कपाळावर घाम, गुडघ्यांवर गोधडीच्या टाक्यांचे वळ, आणि चेहऱ्यावर जराही डळमळ नाही. हिला नर्सिंगला धाडताना सारी भावकी अडवायला अंगणात जमली होती, तेव्हा पंचफुलाबाईही अशाच उभ्या होत्या. बोलतील तर बोलतील, म्हणाल्या होत्या. तो ताठा या पोरीनं दुसऱ्या कुणाच्या घरून थोडाच आणला होता!

"धर याले," म्हणत त्यांनी अश्वजितला तिच्याकडं दिलं, घरात गेल्या आणि कात्री घेऊन आल्या. गाडीत गुडघे टेकले. बोटं बरोबर जागेवर गेली. चर्रकन गोधडी फाटली, एकदा, मग दुसऱ्यांदा.

"हे घे. एक इथं, अन् एक इथं."

धम्मशीला बक्कलांकडं पाहत राहिली, मग आईकडं. "माय! तुले मालूम होतं?"

"मंग? शिवली कोनं?"

किसनराव खदखदून हसायला लागले. "मंग इतका वेळ काऊन चूप होती व?"

"तुमी गाडी चालू करा," पंचफुलाबाई म्हणाल्या.

खुर्ची बसली, पाठ पुढं आणि तोंड मागं करून. धम्मशीलानं ती दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिली. तसूभर हलली नाही. तिनं अश्वजितला आत बसवून त्याचे पट्टे आवळले. शेजारी टेकताना पंचफुलाबाईंचा जीव नाही म्हटलं तरी तुटत होता. रिकामी मांडी घेऊन तीन तास बसायचं म्हणजे काय! त्यांनी मान वळवली, तर अश्वजितचं आख्खं तोंड त्यांच्याकडंच. नवे चार दात दाखवून तो हसला. मांडीवर घेतला असता तर नुसती टाळू दिसली असती.

धम्मशीला पुढं बसायला निघाली, तशी पंचफुलाबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. त्या दुसऱ्या बक्कलात मलेबी अडकव."

"तुले?"

"हाव मले. दोन वर्षानं येईन न हा? तवा आजी पाह्यजे का नाही त्याले?"